थेंब द्यायला कोणी सांगितलं

बाई,

परवा वर्गात एका मुलीनं तुमच्याबद्दल एक प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. मी आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना औषधशास्त्र शिकवते. औषध अंगात कुठून शिरतं, कुठे जातं, काय करतं आणि बाहेर कसं पडतं, एवढंच. तुम्ही आम्हाला मागच्या व्हरांड्यात शिकवायचात तेच. शरीराला औषधाची सवय कशी लागते हा भाग आला की मी दरवर्षी वाशीमच्या त्या बाळाची गोष्ट सांगते. अफूची सवय लागलेलं बाळ, एकाएकी बंद झालेली गोळी, त्याचं न थांबणारं रडणं आणि मग तुम्ही कुलपातली बाटली काढून मोजून दिलेले थेंब. मुली नेहमी शांत होऊन ऐकतात. परवा खिडकीजवळ बसणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, डॉक्टर तर अकोल्याला गेले होते ना? मग थेंब द्यायची ऑर्डर कोणी दिली?" प्रश्न बरोबर होता. लेखी ऑर्डर नसेल तर थेंबही द्यायचा नाही, हे मीच त्यांना अगदी सुरुवातीला शिकवलेलं. मी म्हटलं, सोमवारी सांगते. आज रविवार आहे.

मी कामरगावहून वाशीमच्या दवाखान्यात शिकायला आले तेव्हा औषध म्हणजे दवाखान्यातलं कडू पाणी, एवढंच मला माहीत होतं. वडिलांनी ट्रंक खाली ठेवली, तुम्हाला हात जोडले आणि माझ्यासमोरच म्हणाले, "पोरगी हुशार हाय बाई, पण तोंड लय चालते." तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणालात, "चालू द्या. इथे हात चालला नाही तर बघू." त्या तोंडापायी मला पहिल्याच महिन्यात बोलणी बसली. मी खोकल्याचं औषध मापाच्या ग्लासात ओतत होते आणि ओतता ओतता मैत्रिणीला काहीतरी सांगत होते. तुम्ही मागून आलात, ग्लास माझ्या हातातून घेतलात आणि मोरीत रिकामा केलात. ओतलेलं औषध बाटलीत परत टाकायचं नसतं, हे मला तेव्हा कळलं. "पुन्हा घे," तुम्ही म्हणालात. "उचलताना चिठ्ठी वाच, ओतताना वाच, जागेवर ठेवताना वाच. चिठ्ठी तळहाताकडे धर, म्हणजे ओघळ तिच्यावर येणार नाही. ग्लास डोळ्याच्या रेषेत आण. आणि तोंड मीट. तुझं बोलणं पेशंटच्या पोटात जायचं नाही, औषध जाणार आहे." तुमचा आवाज वाढलेला नव्हता. वॉर्डात तुमचा आवाज कधीच वाढायचा नाही. खोकणाऱ्या म्हाताऱ्यासमोर मी रडकुंडीला आले आणि तो म्हातारा मलाच समजावत होता, "जाऊ दे व माय, औषध काय पळून चाल्लं हाय का?"

चमच्यांचा दिवस आठवतो का तुम्हाला? सुट्टीला गेलो होतो तेव्हा तुम्ही प्रत्येकीला घरून एक चमचा आणायला सांगितला होता. कशाला, ते सांगितलं नव्हतं. परत आल्यावर तुम्ही आम्हाला तुमच्या खोलीवर बोलावलंत. स्वयंपाकघरात जागा इतकी थोडी की अर्ध्याजणी चुलीजवळ, अर्ध्या उंबऱ्यात. तुम्ही जमिनीवर पाण्याचं भांडं आणि मापाचा ग्लास घेऊन बसला होतात. एकेकीनं आपला चमचा भरायचा आणि ग्लासात ओतायचा. कोणाचा पितळी, कोणाचा जर्मनचा, कोणी वाढायचा डावच आणलेला. त्या डावानं ग्लास जवळजवळ भरला तेव्हा तुम्ही म्हणालात, "हा चमचा आहे का पोहरा?" एकीनं देवघरातली तांब्याची पळी आणली होती. वॉर्डातली आया, जिला आम्ही सगळ्या खाला म्हणायचो, दारात उभी होती, ती म्हणाली, "देवाले पुसून आणली का व पोरी? नाई तर थो बसला असंन तिकडं तीर्थ न घेता." आम्ही हसून लोळलो. तुम्हीही हसलात. मग तुम्ही ग्लास वर धरलात आणि विचारलंत, "आता सांगा, तुम्ही पेशंटच्या बायकोला म्हणालात, एक चमचा द्या, तर काय दिलंत?" त्या दिवसापासून आम्ही घरी जाणाऱ्या बाटलीवर कागदाची पट्टी कापून चिकटवताना दातांनी जीभ धरायला लागलो, कारण त्या पट्टीवरच्या प्रत्येक खाचेत एका माणसाचा एक डोस होता.

गिळलं की संपलं असं समजू नका, गिळलं की सुरू झालं, असं तुम्ही म्हणायचात. लहान मुलाचं अंग म्हणजे मोठ्या माणसाच्या अंगाची छोटी प्रत नव्हे; त्याचं यकृत कच्चं असतं, मूत्रपिंडं कच्ची असतात, औषध त्याच्यात जास्त वेळ रेंगाळतं. तुम्ही हे फळ्यावर लिहीत नव्हतात, फळाच नव्हता. व्हरांड्याच्या फरशीवर खडूनं माणसाची आकृती काढायचात आणि तिच्या पोटापासून रक्तापर्यंत, रक्तापासून मेंदूपर्यंत बोटानं रस्ता दाखवायचात. संध्याकाळी खाला पाणी टाकून तो माणूस पुसून टाकायची आणि पुटपुटायची, "रोज एक मुडदा धुवा लागते मले."

आणि विषारी औषधांचं कपाट. छोटं, भिंतीत बसवलेलं, किल्ली कायम तुमच्या कमरेला. त्या कपाटाबद्दलचा नियम तुम्ही एकदाच सांगितलात, पण त्यामागची हकीगत सांगून. तुम्ही जिथे शिकलात तिथे एक नर्स होती, फार मायाळू. ऑपरेशन झालेली बाई कळवळत होती, ते हिला बघवेना. डॉक्टर जवळ नव्हते. हिनं वेदनेचं इंजेक्शन दिलं. आधीच्या पाळीतल्या नर्सनंही दिलं होतं, तिनंही दयेपोटीच, आणि दोघींनीही ऑर्डर नसल्यामुळे ते कुठेच नोंदवलं नव्हतं. ती बाई झोपली ती उठली नाही. "दोघीही चांगल्या होत्या," तुम्ही म्हणालात. "म्हणून सांगते, कागदावर नसेल तर एक थेंबही नाही. तुमची दया मला नको, तुमचं माप हवं." मी हे शब्द आजही वर्गात सांगते. शेवटचं वाक्य मात्र सांगत नाही. का नाही, ते मला कधी ठरवता आलेलं नाही.

त्या बाळाची आई कापूस वेचणीच्या दिवसांत आली. आसेगावकडच्या एका शेतावर टोळीबरोबर कामाला आलेली, मूळ गाव दुसरीकडेच. वयानं आमच्याएवढीच असेल. कडेवर मूल, मुलाची छाती भात्यासारखी चाललेली. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला, पेनिसिलिन लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते अकोल्याला कोर्टात साक्ष द्यायला गेले. मारामारीच्या कुठल्या तरी खटल्यात त्यांनी केलेल्या तपासणीची साक्ष होती, जावंच लागे. जाताना तुम्हाला म्हणाले, "बाई, उद्या संध्याकाळच्या मोटारीनं येतो. तोवर पोरं तुमची आणि दवाखानाही तुमचा." बरा माणूस होता तो. तुम्ही केस पेपर बघितला आणि तुमच्या नेहमीच्या पद्धतीनं त्या बाईला विचारलंत, "याला आधी काही औषध दिलं होतं का?" ती म्हणाली, "नाई जी, काईच नाई देल्लं." तिनं खोटं सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी ते औषध नव्हतंच.

इंजेक्शनं चालू होती, ताप थोडा उतरला होता, पण मूल जागंच होईना. दूध ओढत नव्हतं. श्वास आधी जोरात चालत होता तो आता संथ झाला होता आणि हे चांगलं लक्षण नाही हे आम्हा शिकाऊ पोरींनाही कळत होतं. तुम्ही त्याची पापणी वर केलीत आणि मला बोलावलंत. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. तुम्ही म्हणालात, "हे पेनिसिलिननं होत नाही." मी त्या बाईकडे पाहिलं. ती पदराचं टोक मुठीत घट्ट धरून बसली होती. ती मूठ माझ्या ओळखीची होती, बाई. माझी आई तशीच धरायची. कामरगावला वेचणीच्या दिवसांत आई भावाला बांधावरच्या झोळीत टाकायची आणि त्याआधी पदराच्या गाठीतून काळी गोळी काढून, बोटावर मळून, त्याच्या तोंडात टाळूला लावायची. मलाही लावली असणार. न लावून करणार काय? रडणारं मूल घेऊन आलेल्या बाईला मुकादम दुसऱ्या दिवशी कामावर उभं करत नसे. मी तुमच्या कानाशी सांगितलं, "बाई, अफू असेल. पदरात बघा." मी सांगितलं यात चूक नव्हती. तेव्हाही नव्हती, आजही वाटत नाही. ते मूल श्वास विसरत चाललं होतं.

तुम्ही हात पुढे केलात. तिनं गाठ सोडली. कागदाची पुडी, आत वाटाण्याएवढा तुकडा. "किती देतेस?" तुम्ही विचारलंत. ती खाली बघून बोलत होती. "आधी राईएवढी देत व्हतो जी. मंग त्याच्यानं झोपे ना. मंग जवारीएवढी. आता त्याच्यापरीस जराशी मोठी. सकाळी एक, दुपारी एक. काल इथंबी देल्ली, रडून राह्यला व्हता म्हणून." तुम्ही ऐकत होतात. राईपासून ज्वारीपर्यंतचा तो हिशेब हाच आमचा सवयीचा धडा होता, तुम्ही आम्हाला नंतर तो शिकवलाही असता. पण त्या घटकेला तुम्ही एक गोष्ट केलीत, जी मी तुम्हाला आधी किंवा नंतर कधी करताना पाहिली नाही. तुम्ही रागावलात. बाकीच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या होत्या, त्यांच्यादेखत तुम्ही मोरीपाशी गेलात आणि पुडी पाण्यात सोडून दिलीत. "पोटच्या पोराला विष घालतेस," तुम्ही म्हणालात. खाला हळूच म्हणाली, "बाई, थे जहर नाई, रोजी हाय तिची." तुम्ही ते ऐकलंत की नाही मला माहीत नाही.

मग तुम्ही ताळ्यावर आलात. सगळा दिवस तुम्ही आणि मी आळीपाळीनं त्या मुलाला जागं ठेवलं. ओल्या फडक्यानं तोंड पुसायचं, तळपायाला टिचक्या मारायच्या, श्वास मोजायचे, थांबला असं वाटलं की छाती चोळायची. दुपार टळल्यावर त्यानं पहिल्यांदा भोकाड पसरलं तेव्हा त्याची आई तोंडाला पदर लावून रडली आणि खालानं तिच्या पाठीवर धपाटा घातला. "आता कायले रडते? लेकरू बोललं ना तुह्यं!" तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत. तुमच्याकडून मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी होती आणि पुष्कळ वर्षं मी ती जपून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते मूल रडायला लागलं. भुकेचं रडणं वेगळं, दुखण्याचं वेगळं. हे तिसरंच होतं, बारीक, धार लावल्यासारखं. अंग थरथरतंय, शिंका येतायत, जांभया येतायत, घामानं अंग भिजलंय, पातळ जुलाब होतायत, घेतलेलं दूध बाहेर येतंय. छाती अजून पुरती मोकळी नव्हती. एवढ्याशा जिवाला हे किती वेळ सोसणार, हे आम्हाला दिसत होतं. तुम्ही मला औषधांच्या खोलीत नेलंत आणि तुमचं जाड पुस्तक उघडून एका परिच्छेदावर बोट ठेवलंत. एकाएकी बंद करू नये, अगदी थोड्या मात्रेनं सुरू करून रोज कमी करत न्यावी, असं त्यात होतं. औषध कपाटात होतं. अफूचा सौम्य अर्क, चार पावलांवर. किल्ली तुमच्या कमरेला. तुम्ही हात किल्लीवर ठेवलात. मग तुम्ही हात काढलात, पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, "पोस्टात जा. अकोल्याला तार कर. कोर्टाच्या पत्त्यावर. उत्तर घेऊनच ये."

मी पोस्टात बसून राहिले. तारबाबू चहा पिऊन आला, पान लावून आला, दर वेळी मला सांगत होता, "पोरी, कोर्टात तार पोचते, पण साक्षीच्या पिंजऱ्यात कोन नेऊन देईन?" उत्तर आलं नाही. मी परत निघाले तेव्हा फाटकाबाहेरच मला ते रडणं ऐकू आलं. आत ती बाई तुमच्यासमोर उभी होती, मूल खांद्यावर, धोकटी बांधलेली.

"बाई, त्याले त्याची गोळी द्या," ती म्हणत होती. "थो मरून जाईन. तुमच्यापाशी हाय ना औषध, त्या कपाटात? खाला म्हणे हाय."

"डॉक्टर संध्याकाळी येतील. ते लिहून देतील, मी लगेच देईन."

"सांजेपर्यंत राहीन का थो? तुमी पाहून राह्यल्या ना त्याले?"

"पाहते आहे गं. पण मला देता येत नाही."

"फेकता आली, आन् देता येत नाई?"

मी दारात उभी, माझ्या हातात तारेची पावती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी नकारार्थी मान हलवली. तुमचा चेहरा तेव्हा कसा होता ते मला नीट सांगता येणार नाही. मी खाली बघितलं. ती बाई म्हणाली, "मंग राहू द्या. आमी जातो. तिकडं भेटते त्याची गोळी." आणि ती चालू लागली. तुम्ही तिला अडवलं नाही. अडवायचा अधिकार तरी कुठला होता तुम्हाला? पण ती पायऱ्या उतरल्यावर तुम्ही एकदम तिच्या मागे गेलात. फाटकाबाहेर रस्त्यावर एक बैलांची दमणी जात होती, गाडीवान तिला बसवून घेत होता. तुम्ही फाटकाला धरून ओरडलात. वॉर्डात कधी आवाज न वाढवणाऱ्या तुम्ही, रस्त्यावरची माणसं थांबून बघतील एवढ्या मोठ्यानं.

"अर्धीच दे गं! आधीच्या अर्धी! पुरी देऊ नको! उद्या त्याच्याही अर्धी!"

तुम्हाला काय भीती वाटत होती ते मला तेव्हाच कळलं. दिवसभर तडफडलेल्या मुलाला शांत करायला आई नेहमीपेक्षा मोठीच गोळी देणार. आणि छाती भरलेली, अंगात त्राण नाही, त्यात ती गोळी. बैलांच्या घुंगरांचा आवाज होता, मूल रडत होतं. तिनं मागे वळून पाहिलं नाही. ऐकलं का तिनं? मला माहीत नाही. ऐकलं असेल तर तेवढ्यावरून तिला काय कळलं असेल? अर्धी म्हणजे कशाच्या अर्धी? राईच्या, ज्वारीच्या? ज्या तुम्ही आम्हाला चमचा म्हणजे किती हे शिकवलंत, त्या तुम्ही शेवटी एक माप रस्त्यावर ओरडून दिलंत. कागदावर नसलेलं, डॉक्टरांनी न सांगितलेलं, ज्याची कुठे नोंद नाही असं.

डॉक्टर त्या संध्याकाळी आले. तुम्ही सगळं सांगितलंत, पुडी मोरीत टाकल्याचंही. ते टोपी हातात धरून बसले होते. म्हणाले, "द्यायचे होते हो बाई थेंब. मी आल्यावर सही केली असती की." तुम्ही म्हणालात, "तुम्ही माझ्यासाठी कराल. माझ्या हाताखालच्या मुलीनं चुकीच्या बाळाला दिले तर त्यावर कराल का?" मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटला, आणि त्याच रात्री अंथरुणात मला तुमचा तितकाच राग आला. दोन्ही अजून तसेच आहेत. एकमेकांना त्यांनी जराही कमी केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात तुम्ही खडू घेऊन बसलात, पण माणूस काढला नाहीत. "काल मी जे केलं," तुम्ही म्हणालात, "त्यात नियमाप्रमाणे काय होतं आणि नियमाबाहेर काय होतं, ते सांगते. लिहून घ्या." आम्ही लेखण्या उचलल्या. तुम्ही म्हणालात, "पेशंटला विचारताना औषध काय दिलं असं विचारू नका. सकाळपासून पोटात काय काय गेलं, असं विचारा. सगळं. चाटवलेलं, लावलेलं, सगळं." आम्ही ते लिहिलं. पुढचं तुम्ही सांगितलंच नाही. लेखण्या तशाच थांबल्या होत्या. खाला बादली घेऊन आली, तिनं फरशीकडे पाहिलं, कोणी काढलेलं नव्हतं, ती तशीच परत गेली.

माझं शिक्षण संपलं तेव्हा तुम्ही मला एक मापाचा ग्लास दिलात, काठाला टवका उडालेला, पण खुणा स्पष्ट. "फुटका देते आहे असं म्हणू नकोस. माप बरोबर आहे," असं म्हणालात. तो आता माझ्या वर्गाच्या टेबलावर असतो. पुढे तुमची बदली झाली, माझीही झाली. तुम्ही वारल्याचं मला फार उशिरा कळलं, एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, शेजारी बसलेल्या एका ओळखीच्या नर्सकडून. मी पान तसंच ठेवून उठले नाही. जेवले. इतक्या माणसांत काय सांगणार होते?

मध्ये काही वर्षं माझी नेमणूक मंगरूळपीरकडे होती. लसी टोचायला आम्ही आसेगावच्या शिवारात जायचो. एकदा एका म्हाताऱ्या शेतमालकाला मी विचारलं, पूर्वी तुमच्याकडे वेचणीला बाहेरची टोळी यायची, त्यात एक तरणी बाई, बाळ आजारी होतं. तो हसला. "बाई, टोळ्या लय आल्या न् गेल्या. कोनाचं लेकरू आजारी नव्हतं?" मी दुसऱ्या कोणाला विचारलं नाही. विचारता आलं असतं. गाव लहान होतं.

मग मी शिकवायला लागले. पहिल्या वर्षी ही गोष्ट मी जशी घडली तशी सांगितली. संपल्यावर एका मुलीनं विचारलं, "मग बाळ वाचलं का?" सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, नव्या गणवेशात, नुकत्या घरून आलेल्या. मी म्हटलं, "हो, वाचलं." एवढंच. पण वाचलं म्हटलं की ते कसं वाचलं हे सांगावं लागतं. पुढच्या वर्षी माझ्या गोष्टीत तुमचा हात किल्लीवरून निघाला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी मी थेंब मोजले. ते मूल शांत होऊन आईच्या कुशीत झोपलं. मग फाटक गेलं, दमणी गेली, रस्त्यावरचं ओरडणं गेलं. पुडी मोरीत टाकल्याचं मात्र मी कधी वगळलं नाही, कारण त्याशिवाय बंद झालेल्या गोळीचा धडा देता येत नव्हता. बघा, बाई, मी तुमचा राग ठेवला आणि तुमचं ओरडणं काढून टाकलं. खरं तर त्या सगळ्यातलं तेच एक मला पुरतं समजलं होतं.

आता उद्या मला त्या खिडकीजवळच्या मुलीला उत्तर द्यायचं आहे. खरं सांगायचं तर सांगावं लागेल की ऑर्डर कोणीच दिली नाही आणि थेंबही कोणी दिले नाहीत. मग ती विचारेल, द्यायला हवे होते का? ती नक्की विचारेल, तशी मुलगी आहे. आणि तिथे मी तुमच्यासारखीच गप्प होईन. मी इतकी वर्षं दोन्ही बाजूंनी विचार केला आहे. त्या दोन मायाळू नर्सची हकीगत मला पाठ आहे. ते बारीक रडणंही. मुलींच्या हातात किल्ल्या द्यायच्या आहेत आणि मला अजून ठरवता आलेलं नाही. तरी सांगेन. बाळाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, हेही सांगेन. ते सांगायला तोंड कसं उघडेल ते उद्याच कळेल.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत. तुमचा पत्ता असता तरी बहुधा पाठवले नसते. एकच गोष्ट तुम्हाला सांगायची होती, ती इतका वेळ टाळली. परवा त्या मुलीनं विचारलं, ऑर्डर कोणी दिली, तेव्हा मी पकडली गेले म्हणून गप्प झाले नव्हते, बाई. मी ग्लास हातात धरून, डोळे मिटून, खरोखरच आठवत होते, कोणी दिली होती ते.